टायर ‘अचानक’ फुटत नाही

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना अडखळलेलं, पुन्हा पुन्हा आलेलं थोडं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागून हॉर्न ऐकू येत असतील तर सांभाळून घ्या. आपली रेकॉर्डिंगची खोली औरंगपुऱ्यात, भाजी मंडईपासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी सहानंतर इथं शांतता मिळणं म्हणजे चमत्कारच.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ‘हे काय, टायर?’ हो, टायर. गोल, काळा, रबराचा. गाडी घेताना आपण स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, स्पीकर किती, सगळं विचारतो. टायर कोणते, हे मीही कधी विचारलं नव्हतं. या एप्रिलपर्यंत.

एप्रिलमध्ये काय झालं, ते आधी सांगतो.

नागपूरचं लग्न

नागपूरला नात्यातलं लग्न होतं. मामांच्या गाडीत आम्ही पाच जण: मामा, मी, मागे मामी, आजी आणि मामेबहिणीची सहा वर्षांची मुलगी. डिकी गच्च. टपावर कॅरियर लावून दोन पेट्या बांधलेल्या. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे अर्थातच साडेदहा वाजले. घरचं लग्न, दुसरं काय होणार!

निघायच्या आधी मामा मला म्हणाले, “जा, पंपावर हवा बघून ये. आणि अठ्ठावीसच ठेव बरं का. उन्हाळा आहे, समृद्धीचा रस्ता सिमेंटचा. हवा गरम होऊन फुगते, टायर फुटतो.”

मामांनी पंचवीस वर्षं टेम्पो चालवलाय. मी गाडी शिकलो तीही त्यांच्याकडेच. दार उघडलं तेव्हा चौकटीवरचा कंपनीचा स्टिकर मला दिसला होता. त्यावर ३३ लिहिलं होतं. क्षणभर वाटलं, सांगावं का? पण मोठ्या माणसाला काय शिकवायचं! पंपावरच्या पोराला मीच म्हणालो, “चारीमध्ये अठ्ठावीस.”

सावंगीला समृद्धीवर चढलो. एसी चालू, गाणी चालू, काटा ११५-१२० वर. जालना मागे पडल्यावर मला सीटखाली बारीक थरथर जाणवायला लागली. मामांना म्हणालो, तर ते म्हणाले, “सिमेंटचे सांधे आहेत रे, त्याचं असेल.” मी गाण्याचा आवाज वाढवला. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाही.

मेहकरच्या अलीकडे मागून ‘धप्प’ असा आवाज आला. लगेच फट-फट-फट, आणि गाडीचं बूड डावीकडे-उजवीकडे हलायला लागलं. आजी “अगं बाई” म्हणाली, मुलगी किंचाळली. मी ओरडलो, “मामा, ब्रेक!”

मामांनी ब्रेक मारला नाही. दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून ठेवलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला आणि गाडी आपोआप मंदावू दिली. मग डावीकडे घेऊन थांबवली. मागून येणारा ट्रक बराच लांब होता, हे आमचं नशीब.

खाली उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झालेल्या. डिकी रिकामी करून स्टेपनी काढली, तर तीही बसलेली! दोन वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी एका प्रवाशानं त्यांच्याकडचा लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दिला. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात दीड तास गेला. हळद चुकली. पण पाचही जण धड आहोत म्हणून हळद चुकल्याची तक्रार कुणीच केली नाही.

चार मोबाईल

आता जरा हिशेब करू. सोपा आहे.

गाडी, माणसं, सामान मिळून १,२०० किलो धरा. चार चाकं, म्हणजे एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर तिचा दाब होतो दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो. ३०० ला २.३ नं भागा. उत्तर येतं १३० चौरस सेंटीमीटर.

म्हणजे किती? आत्ता तुमच्या हातात जो मोबाईल आहे ना, जवळपास तेवढं. एक टायर रस्त्याला टेकतो तो एका मोबाईलएवढ्या जागेवर. चार टायर म्हणजे टेबलावर ठेवलेले चार मोबाईल. ब्रेक, वळण, पावसात टिकणारी पकड, सगळं त्या चार मोबाईलवर चालतं. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबवतो तो टायर. एअरबॅग धडक झाल्यावर कामाला येते. टायर धडक होऊ नये म्हणून काम करत असतो.

या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. गाडीचं वजन मुख्यतः रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. टायर ही त्या हवेची पिशवी. हवा कमी झाली की उरलेलं वजन टायरच्या बाजूच्या भिंतीवर येतं. आणि इथूनच आमची मेहकरची गोष्ट सुरू होते.

हवा कमी, तर ताप जास्त

एक काम करा. लोखंडाची पातळ तार घ्या आणि एकाच जागी भराभर वाकवा, सरळ करा, वाकवा, सरळ करा. मग तिथं बोट लावा. गरम लागते. टायरचंही तेच. प्रत्येक फेरीत टायरचा खालचा भाग वजनाखाली चेपतो आणि वर गेला की सुटतो. दर चेपण्यात थोडी ऊर्जा रबराच्या आतच उष्णता होऊन राहते.

आमच्या गाडीसारख्या टायरचा घेर साधारण १ मीटर ९५ सेंटीमीटर. ताशी १२० च्या वेगात तो सेकंदाला १७ फेऱ्या मारतो. तासाभरात सुमारे ६१,००० फेऱ्या. म्हणजे टायरचा प्रत्येक तुकडा तासाभरात एकसष्ट हजार वेळा चेपून सुटतो. हवा पुरेशी असेल तर चेपणं थोडं असतं, ताप थोडा होतो आणि वाऱ्यानं निघूनही जातो. हवा कमी असेल तर टायर जास्त चेपतो, भिंत जास्त वाकते आणि ताप साठत जातो. टायरमध्ये रबराच्या थरांखाली धाग्यांचे आणि स्टीलच्या बारीक तारांचे पट्टे असतात. रबर तापून तापून त्या पट्ट्यांवरची पकड सोडायला लागलं की थर आतल्या आत सुटतात. गाडी थरथरते. आणि मग एका क्षणी सगळं उचकटून बाहेर येतं. आपण म्हणतो, ‘अचानक फुटला.’

मग मामांचं म्हणणं पूर्ण खोटं होतं का? अर्धं खरं होतं. गरम झाल्यावर हवेचा दाब वाढतो, हे बरोबर. पण किती वाढतो? थंड असताना २५ अंशाला ३३ पीएसआय भरलेली हवा ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब होतो साधारण ३९. बस्स. सहा पीएसआयची वाढ. कंपनीनं ३३ हा आकडा देताना ही वाढ धरलेली असते. चांगल्या स्थितीतला टायर ३९ ला फुटत नाही. उलट आपण उन्हाळा म्हणून हवा कमी ठेवतो, तेव्हा तो जास्त चेपतो आणि जास्त तापतो. ज्या तापाला घाबरून हवा काढली, तोच ताप आपण वाढवून ठेवतो.

आणि आमची आणखी एक चूक. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हा, किंवा घरापासून जवळच्याच पंपावर. मी शहरातून फिरून, भर उन्हात पंपावर गेलो. तापलेल्या टायरमध्ये २८ दिसले, म्हणजे थंड हिशेबानं ते २८ पेक्षाही कमी होते.

चाचांचा निकाल

लग्नाहून परत आल्यावर तो फाटका टायर घेऊन मी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. दुकान म्हणजे एक टपरी, कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी. पण चाळीस वर्षांचा हात आहे.

मी म्हणालो, “चाचा, बघा ना, अचानक फुटला.”

चाचांनी टायर उलटा केला, आत हात फिरवला आणि हात माझ्यासमोर धरला. बोटांवर काळी भुकटी, काजळ चोळल्यासारखी. “हे काय आहे, बेटा? रबराचा चुरा आहे. आतून घासून घासून निघालाय.” मग भिंतीवर आतून गोल फिरलेला एक पट्टा दाखवला. तिथं रबर सोलून आतले धागे दिसत होते. “कमी हवेवर पळवलाय. एक दिवस नाही, किती दिवस.”

नंतर त्यांना एक जुनं पंक्चर सापडलं. मागच्या दिवाळीत कुठंतरी घाईत पट्टी भरून घेतलेलं. तिथून हळूहळू हवा गळत असणार. ट्यूबलेस टायरची ही गंमतच आहे. खिळा घुसला तरी तो लगेच बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो. आपण समजतो सगळं ठीक आहे. पाहून कळत नाही, लाथ मारून तर अजिबात कळत नाही. ३३ आणि २३ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, मीटरलाच दिसतो.

शेवटी चाचांनी टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे शोधले. वर्ष निघालं २०१७. टायरच्या नक्षीवर झीज फारशी नव्हती, कारण मामांची गाडी घरीच जास्त उभी असते. मी तेच म्हणालो, “पण चाचा, नक्षी तर नवी वाटते.”

चाचा म्हणाले, “बिस्किटचा पुडा नवा दिसला म्हणून तारीख बघायची नाही का?”

आणि मग ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यात बसलंय. “बेटा, हा टायर मेहकरला नाही फुटला. इथंच फुटला होता. आवाज तेवढा तिकडं आला.”

जुना टायर, गळकं पंक्चर, कमी हवा, जास्त सामान, एकशेवीसचा वेग आणि दुपारचं ऊन. यातलं एखादंच असतं तर कदाचित निभावलं असतं. सगळी एकत्र आली. आणि ऊन सोडलं तर बाकी सगळी आमच्या हातातली होती.

रबराची छोटीशी गोष्ट

रबराला वय का असतं, हे समजायला थोडं मागे जाऊ.

झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याचा टायर केला असता तर रस्त्यालाच चिकटला असता. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना उमगलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते टिकाऊ आणि लवचीक होतं. त्यातून त्यांना फारसे पैसे मिळाले नाहीत. १८६० मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्यांच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, दुसऱ्याच लोकांनी काढलेली, फक्त त्यांच्या सन्मानार्थ नाव दिलेलं. त्याच कंपनीचा एक कारखाना आज आपल्या वाळूजला आहे. रोज कंपनीच्या बसनं वाळूजला जाणाऱ्यांपैकी काही जण हे ऐकत असतील, तर तुम्हाला खास नमस्कार!

हवा भरलेल्या टायरला खरा बाजार मिळवून दिला तो जॉन बॉइड डनलॉप यांनी. हे मूळचे गुरांचे डॉक्टर, बेलफास्टमध्ये राहायचे. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून त्यांनी चाकांवर हवेच्या नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे या सगळ्याची सुरुवात एका बापानं पोराच्या पाठीला धक्के बसू नयेत म्हणून केली होती.

आणि टायर काळाच का? रबराचा स्वतःचा रंग फिकट असतो. त्यात कार्बनची काळी पूड मिसळतात. त्यानं झीज खूप कमी होते. पण किती काही मिसळलं तरी ऊन आणि हवेतला ऑक्सिजन, ओझोन हे रबराला हळूहळू कडक करतातच. गाडी उभी असली तरी. म्हणून कमी चाललेली गाडीसुद्धा टायरच्या बाबतीत म्हातारी असू शकते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षं झालेला टायर नवा दिसला तरी बदला. बाजूवर बारीक भेगा दिसल्या किंवा कुठं फुगवटा आला, तर वय मोजतच बसू नका. बदला.

टायरवर लिहिलेलं वाचायचं कसं

आता मोबाईलचा टॉर्च काढा. टायरच्या बाजूवर असं काहीतरी दिसेल: १८५/६५ आर१५ ८८एच. अक्षरं इंग्रजीत कोरलेली असतात. अर्थ ऐका.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे टाकलेले. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. ८८ हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ ८८ किलो नाही बरं का, एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. आणि तेही पूर्ण हवा असेल तर. एच म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी २१०. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०.

आणि सर्वात महत्त्वाचं: डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. समजा २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. नवा टायर घेताना आधी हीच पाहा. एका बाजूला दिसली नाही तर दुसऱ्या बाजूला असते.

नक्षी आणि पाऊस

टायरच्या खाचा शोभेच्या नाहीत. पावसात रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाजूला फेकलं जातं. खाचा झिजल्या तर पाण्याला जायला जागा नाही. मग टायर पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगायला लागते. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी काही होत नाही. जालना रोडवर जोराचा पाऊस झाल्यावर काय अवस्था असते, ते तुम्हाला माहीतच आहे.

आपल्याकडे कायद्यानं कारच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी आणि तीनचाकीला ०.८ मिलिमीटर. मोजायला पट्टी नको. खाचांच्या तळाशी जागोजागी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कायदा ही शेवटची पायरी झाली. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर बदलणं शहाणपणाचं.

झीज कुठं झाली, तेही पाहा. दोन्ही कडांना जास्त असेल तर हवा कमी ठेवली जातेय. मधोमध जास्त असेल तर हवा जास्त. एकाच कडेला असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडलीय. स्टीअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते, तेही तेच. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरतं, तेव्हा बहुधा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. पण थरथर नवीन असेल आणि वाढत असेल, तर आवाज वाढवू नका. गाडी थांबवा.

टायरइतकंच चाकही महत्त्वाचं. मोठा खड्डा लागला की रिमची कड वाकते आणि तिथून हवा गळते. अलॉय व्हील वाकण्याऐवजी तडकूही शकतं. चाक काढून बसवलं असेल तर पन्नासएक किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या. आणि नुसतं भारी दिसतं म्हणून कंपनीनं सांगितलेल्या मापापेक्षा मोठी चाकं बसवू नका. काही वेळा ती आत घासतात, आणि स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो.

समृद्धीवरच का?

बरेच जण विचारतात, “शहरात तर काही होत नाही, मग समृद्धीवरच टायर का फुटतात?”

कारण शहरात आपण टायरची परीक्षाच घेत नाही. क्रांती चौक ते औरंगपुरा, वेग तीस, दर दोन मिनिटांनी ब्रेक, मग पार्किंग. टायर तापतो तोवर थंड व्हायला वेळ मिळतो. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडून पूर्ण रस्ता झाला. कारला ताशी १२० ची मुभा, ना सिग्नल, ना गर्दी. टायरला सलग दोन-दोन, तीन-तीन तास उसंतच नाही. जो टायर शहरात चार वर्षं निमूट चालला, तो तिथं तासाभरात खरं काय ते सांगतो.

म्हणूनच २०२३ मध्ये परिवहन विभागानं समृद्धीवर टायरची तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना परत पाठवलं. तेव्हा लोक चिडले होते. मीही हसलो होतो. आता हसत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसं गेली. टायर फुटल्यामुळे अपघात झाला, असं चालकानं सुरुवातीला सांगितलं. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही, असं म्हटलं होतं. म्हणजे ‘टायर फुटला’ हे कधीकधी सोपं उत्तर असतं. त्यात कुणाचीच चूक नसते, सगळं नशिबावर जातं. म्हणून मला वाटतं, टायर खरंच फुटला असेल तेव्हाही आपण पुढचा प्रश्न विचारायला हवा: का फुटला?

फुटलाच तर

मामांनी केलं तेच करा. जोरात ब्रेक नाही. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, झटका देऊन वळवू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरला की इंडिकेटर देऊन डावीकडे या. चारी दिवे लुकलुकते ठेवा, माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्याच्या कठड्यापलीकडे न्या. मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. मदतीसाठी ११२. आणि हो, मागच्या सीटवरही बेल्ट. आमच्या मागच्या तिघींपैकी त्या दिवशी फक्त मुलीला बेल्ट होता, कारण तिनंच हट्ट केला होता.

पाच मिनिटांचं काम

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास: टायर थंड असताना हवा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर बहुधा वेगळा, जास्तीचा आकडा असतो, तो घ्या. टायरच्या बाजूवर जो कमाल दाब कोरलेला असतो, तो मात्र भरायचा आकडा नाही. भेगा, फुगवटे, खिळे पाहा. नक्षी पाहा. जन्मतारीख पाहा. आणि स्टेपनी! २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही, पण त्यांच्यात टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असावं लागतं. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आजच बघून घ्या.

बाजूच्या भिंतीवर पंक्चर झालं असेल तर पट्टी भरून चालवू नका, टायर बदला. नायट्रोजन भरायचा का, असंही विचारता. फुकट मिळत असेल तर भरा. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोणता वायू आहे यापेक्षा किती आहे, हे महत्त्वाचं.

आणि बाईकवाले, तुम्ही सुटलात असं समजू नका. तुमच्याकडे दोनच टायर आहेत. एक गेला की उरतो एक.

जाता जाता

मामांनी अजूनपर्यंत ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नाही. मीही म्हटलं नाही, “मामा, तुमचं चुकलं.” कारण स्टिकर पाहिला होता मी, आणि गप्प बसलो होतो मी. पण मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो तर किल्ल्यांच्या खुंटीवर हवा मोजायचं छोटं मीटर लटकलेलं दिसलं. मी काही बोललो नाही. चहा पिताना तेच म्हणाले, “चारीमध्ये तेहतीस आहे. स्टेपनीतपण.”

तर हा भाग संपला की इअरफोन काढा आणि खाली जाऊन घरातल्या गाडीचे ते चार आकडे वाचा. बाबांची असेल, काकांची असेल, मित्राची असेल. जुने निघाले तर सांगा त्यांना. मोठे आहेत म्हणून गप्प बसू नका. नीट सांगितलं की ऐकतात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश जा, हवा भरून जा!